ख्रिसमसचा फ्रूटकेक दरवेळी मधेच बसतो? रेसिपी बदलण्याआधी हे तपासा

कडा उंच, मधोमध खळगा आणि कापल्यावर सुरीला चिकटणारा गिच्च गर. सुकामेव्याचा केक एखाद्या वर्षी असा झाला तर नशिबाला बोल लावून मोकळं होता येतं. दरवर्षी तसाच होत असेल तर मात्र काहीतरी ठरावीक चुकतंय, आणि ते शोधता येतं. ओळखीपाळखीतले असे बसलेले केक दर डिसेंबरला माझ्यापुढे येतात. केक किती बसला हे मी विचारत नाही, केव्हा बसला ते विचारते. त्या उत्तरात निम्मं निदान असतं. बहुतेकांनी मात्र तोवर एक उपाय करून झालेला असतो: बेकिंग पावडर चमचाभर वाढवायची. त्याने केक आणखी बसतो.

लक्षणं, आणि ती कुठे बोट दाखवतात

- ओव्हनच्या काचेतून दिसत असतानाच केक भराभर फुगला, टेकाड झालं आणि भाजणं संपण्याआधीच खाली आलं: बेकिंग पावडर किंवा सोडा जास्त, नाहीतर साखर किंवा पातळ पदार्थ जास्त.
- दार उघडून बघेपर्यंत ठीक होता, त्यानंतर बसला: दार लवकर उघडलं.
- ओव्हनमधून निघाला तेव्हा सपाट आणि देखणा, पण पाच-दहा मिनिटांत मधला भाग खाली गेला: आतून शिजलेलाच नव्हता. सर्वांत जास्त केक या प्रकारचे असतात.
- कडा करपल्या, वर जाड कवच, मधे ओला खळगा: ओव्हन जास्त गरम, टिन लहान किंवा वरचा रॉड फार जवळ.
- खळगा नाही, पण तळाशी चिकट थर आणि सगळा सुकामेवा त्यातच: मेवा ओला किंवा मिश्रण पातळ.
- एकच बाजू उंच: ओव्हन तिरका ठेवलाय किंवा आत उष्णता एकसारखी नाही.
- वरून उत्तम, पण गुंडाळून ठेवल्यावर चार-सहा दिवसांत मधे ओलसर आणि आंबूस वास: आत कच्चा होता, किंवा कोमट असतानाच गुंडाळला.

शेवटचं लक्षण भेट म्हणून दिलेल्या केकांत कळतं, आणि तेही घेणाऱ्याला. म्हणून भेटीचे केक करायचे असतील तर आधी त्याच टिनमध्ये, त्याच मापाचा एक केक घरच्यासाठी भाजा आणि कापून बघा. न कापलेल्या केकबद्दल खात्री देता येत नाही.

आत्ता समोर असलेल्या केकचं काय करायचं

केक बाहेर काढून दहा मिनिटांच्या आत लक्षात आलं तर टिनसकट परत ओव्हनमध्ये जाऊ द्या. वरून फॉइल सैल झाका, तापमान तेच ठेवा आणि वीस मिनिटांनी तपासा. खळगा भरून येणार नाही, पण आतला भाग शिजेल.

पूर्ण गार झाल्यावर कळलं तर परत भाजून फारसं काही हाती लागत नाही. मधला भाग गरम होईपर्यंत कडा रस्कसारख्या कोरड्या होतात. मधला कच्चा गोल कापून टाकून द्या, कडेचं शिजलेलं कडं घरी खा. त्या कच्च्या गराचे लाडू वळून चॉकलेटमध्ये बुडवायची कल्पना दरवर्षी कुणीतरी मांडतं. तसं करू नका. त्यात कच्चं अंडं आणि कच्चा मैदा आहे, आणि जिवाणू या दोन्हींतून येऊ शकतात.

नीट शिजलेला पण बसलेला केक मात्र अगदी देण्याजोगा असतो. उंच कडा सुरीने सपाट करा, उरलेल्या खळग्यात मार्झिपान (बदाम आणि साखरेचा लगदा) भरा, मग केक उलटा करा आणि तळ वर घ्या. वरून मार्झिपानचाच थर दिला की कुणाला पत्ता लागत नाही.

आता कारणांकडे. क्रम सोप्या आणि फुकट तपासणीपासून खर्चाच्या तपासणीकडे आहे. एका केकमध्ये एकच गोष्ट बदला. तीन बदलल्या आणि केक सुधारला, तर कशामुळे सुधारला ते कळणार नाही आणि पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल.

काडी कुठे आणि कशी घालता

खर्च शून्य, आणि निम्मे केक इथेच सुधारतात. लोक काडी घालतात ती कडेपासून दोन बोटांवर, कारण तिथे भोक दिसत नाही. सर्वांत शेवटी शिजतो तो केकचा मध्य, तोही खोलीच्या मध्यावर. काडी तिथेच जायला हवी आणि निदान दोन-तीन जागी. फ्रूटकेकची अडचण अशी की काडी मनुक्यातून गेली तर चिकट निघते आणि शिजलेला केक कच्चा वाटतो. याच्या उलटही होतं: काडी बदामाला पुसून वर येते आणि कच्चा केक शिजलेला वाटतो. काडीला लागलेलं बोटांत चोळून बघा. साखरेचा तारेसारखा चिकटपणा असेल तर तो मेवा, पिठूळ ओलेपणा असेल तर ते मिश्रण.

दुसरी खूण कानांची. केकजवळ कान नेला की कच्च्या केकमधून बारीक चरचर ऐकू येते, कारण आतलं पाणी अजून वाफ होऊन बाहेर पडत असतं. केक होत आला की हा आवाज मंदावतो. खात्रीच हवी असेल तर स्वयंपाकाचा काटेरी थर्मामीटर मध्यात खुपसा: ९५ ते ९८ अंश सेल्सियस म्हणजे केक झाला. भेटीचे बरेच केक करायचे असतील तर या एका वस्तूवर खर्च करणं मला सार्थ वाटतं. महागडे साचे नंतर.

आणि घड्याळ. आठ इंची टिनमधला, भरपूर मेव्याचा केक १५० अंशांवर अडीच ते तीन तास घेतो. स्पंज केकच्या अंदाजाने तासाभरात काढला तर तो बसणारच.

दार

केक आधी हवेने आणि वाफेने फुगतो. मैद्यातला स्टार्च आणि अंड्यातली प्रथिनं नंतर घट्ट होतात आणि मग तो आपल्या पायावर उभा राहतो. मधल्या काळात तो नुसता फुगा असतो. तेव्हा दार उघडलं की आतली हवा एकदम गार होते, बुडबुडे आकसतात, वरची भिंत खाली येते. एकूण वेळेचा दोन तृतीयांश भाग होईपर्यंत दाराला हात लावू नका. वरून फॉइल घालायचं असेल तर तेही त्यानंतरच. केक फार लवकर तपकिरी होतोय म्हणून आधीच घालावं लागत असेल, तर दोष तापमानाचा आहे आणि त्याची तपासणी पुढे येते.

बेकिंग पावडर: ताजी आहे का, आणि किती आहे

अर्धा कप गरम पाण्यात एक चमचा बेकिंग पावडर टाका. लगेच जोरात फसफसली तर ठीक. चार आळशी बुडबुडे आले तर डबा टाकून द्या. सोड्यासाठी पाण्याऐवजी व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घ्या. वर्षातून एकदाच केक करणाऱ्यांच्या घरी गेल्या डिसेंबरचाच डबा सापडतो, आणि उघडलेला डबा साधारण सहा महिन्यांनंतर भरवशाचा राहत नाही. दमट हवेत त्याच्याही आधी.

आता प्रमाण. एक कप मैद्याला एक सपाट चमचा बेकिंग पावडर हे साध्या केकचं माप. जड फ्रूटकेकला त्याच्या निम्मीही पुरते, काही रेसिपींत ती मुळीच नसते. यात नवल नाही. बेकिंग पावडर १८४३ साली इंग्लंडमध्ये आल्फ्रेड बर्ड यांनी तयार केली. त्याआधीचे केक मुख्यतः यीस्टवर किंवा फेटलेल्या अंड्यांवर फुगत. सोडा पावडरच्या तीन-चार पट तेज असतो, त्यामुळे चमच्याला चमचा अशी अदलाबदल चालत नाही.

जास्त पावडरने काय होतं? वायू लवकर आणि खूप तयार होतो, बुडबुडे मोठे होऊन एकमेकांत मिसळतात आणि फुटतात. भिंती घट्ट व्हायच्या आधीच छत कोसळतं. उंच डोंगराळ ठिकाणी हवेचा दाब कमी असल्याने हे आणखी लवकर होतं. समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या वर राहत असाल तर पावडर थोडी कमी करूनच बघा.

मिश्रण तयार झाल्यावर टिन शोधणं, कागद कापणं, ओव्हन लावणं असं करत अर्धा तास घालवू नका. पावडर ओली झाली की तिचं काम सुरू होतं.

सुकामेवा किती पाणी घेऊन येतो

रम, ब्रँडी किंवा संत्र्याच्या रसात मेवा कित्येक दिवस भिजवलेला असतो. रेसिपीतली ‘भिजवलेला मेवा’ ही ओळ वाचून आपण बरणी सरळ पातेल्यात उपडी करतो. बरणीच्या तळाचा अर्धा कप रस हिशेबात कुणी धरलेलाच नसतो. तो सगळा मिश्रणात गेला की मिश्रण सैल होतं, भाजायला वेळ लागतो आणि मध्य ओला राहतो. मेवा चाळणीत अर्धा तास निथळू द्या, मग स्वच्छ कापडावर पसरा. निथळलेला रस फेकायचा नाही. केक भाजून झाल्यावर वरून चमचाचमचा द्यायला तोच उत्तम.

मेवा तळाशी बसू नये म्हणून मैद्यात घोळवतात. घोळवा, पण रेसिपीतल्याच मैद्यातला चमचा-दोन चमचे मैदा घ्या, वरचा नको. खरं सांगायचं तर याचा उपयोग बेताचाच आहे: मैदा ओलेपणा थोडा शोषतो, एवढंच. मेवा तोलून धरतो तो मिश्रणाचा दाटपणा. चमचाभर मिश्रण उचलून तिरकं करा. ते धारेने वाहिलं तर पातळ. झटका दिल्यावर गोळा होऊन पडलं तर बरोबर. चेरी आणि खजूर अख्खे घालू नका, मनुक्याएवढे तुकडे करा. साखरेच्या पाकातल्या चेरी आधी धुऊन पुसून घ्या.

साखरेचा मुद्दा इथेच उरकते. साखर स्टार्च आणि अंडं घट्ट व्हायचं तापमान वर ढकलते. काळ्या रंगासाठी जळकी साखर हवी म्हणून कॅरमेल रेसिपीपेक्षा जास्त घातलं, तर साखर आणि पाणी दोन्ही वाढतात. जास्त रंग हवा असेल तर कॅरमेल अधिक गडद जाळा, जास्त ओतू नका.

टिनचं माप

इथे गणित फसवतं. सात आणि आठ इंचांत फरक एका इंचाचा दिसतो, पण आठ इंची गोल टिनचा तळ सुमारे ५० चौरस इंच आणि सात इंचीचा ३८.५. तेच मिश्रण सात इंचीत ओतलं तर त्याची उंची तीस टक्के वाढते. उष्णतेला मध्यापर्यंत जायला त्याहून जास्त वेळ लागतो, आणि तोवर कडा करपतात. आठ इंची चौकोनी टिन ६४ चौरस इंचांचा असतो. म्हणून चौकोनी टिनची रेसिपी गोल टिनमध्ये करायची तर एक इंच मोठा टिन घ्या.

भेटीसाठी एका मोठ्या केकऐवजी लहान लहान केक करणं मी नेहमी सुचवते. एक पौंडाचे लांबट साचे किंवा चार इंची गोल साचे मध्यापर्यंत लवकर शिजतात, बसण्याची शक्यता कमी, आणि एक बिघडला तरी बाकीचे हातात राहतात. मात्र वेळ खूपच कमी लागतो. पन्नास मिनिटांपासून तपासायला लागा.

टिन काळा असेल तर तो उष्णता जास्त ओढतो, तापमान दहा-पंधरा अंशांनी उतरवा. मोठ्या केकसाठी आतून बटर पेपरचे दोन थर द्या, म्हणजे कडा संथ शिजतात. बाहेरून कागद गुंडाळायची जुनी पद्धत मोठ्या ओव्हनसाठी ठीक आहे. लहान ओटीजीत रॉड बोटभर अंतरावर असतो, तिथे बाहेरचा कागद पेट घेऊ शकतो, तो लावूच नका.

लोणी आणि अंडी फ्रिजमधली असतील तर ती आधी बाहेर काढून ठेवा. थंड अंड्याने फेटलेलं लोणी फाटतं आणि त्यात कोंडलेली हवा निघून जाते. जड केकमध्ये हीच हवा सर्वांत मोलाची असते.

ओव्हन खरं बोलतोय का

वरचं सगळं ठीक असूनही केक बसत असेल तर संशय डायलवर घ्या. डायलवरचा १५० म्हणजे आत १५० असेलच असं नाही, आणि नव्या ओव्हनचीही खात्री देता येत नाही.

थर्मामीटर नसेल तर साखरेवर तपासा. साखर साधारण १८६ अंशांना वितळते. फॉइलच्या वाटीत चमचाभर पांढरी साखर घ्या. ओव्हन १७५ वर वीस मिनिटं तापवा आणि वाटी मधल्या जाळीवर पंधरा मिनिटं ठेवा. साखर वितळायला नको. वितळली तर ओव्हन जास्त गरम आहे. मग नवी साखर घेऊन १९० वर तेच करा. आता ती वितळायला हवी. नाही वितळली तर ओव्हन थंड आहे. दोन चमचे साखरेत एवढी माहिती स्वस्तच.

ओव्हनचा थर्मामीटर घेतलात तर तो जाळीच्या मध्यावर ठेवा आणि एकदाच वाचून निष्कर्ष काढू नका. थर्मोस्टॅट रॉड चालू-बंद करत असतो, त्यामुळे आकडा वरखाली होतोच. १५० वर लावून दर दहा मिनिटांनी तासभर नोंद करा आणि सरासरी काढा. फरक वीस अंशांपर्यंत आणि दरवेळी सारखाच असेल तर दुरुस्तीची गरज नाही. डायल तेवढाच पुढेमागे लावा आणि ओव्हनवर चिठ्ठी चिकटवा.

उष्णता एकसारखी आहे का ते पावाच्या कापांवरून कळतं. जाळीभर काप पसरा, १७५ वर आठ-दहा मिनिटं ठेवा आणि कुठला काप काळा, कुठला पांढरा ते बघा. त्याच वेळी रॉडकडेही लक्ष द्या. खालचा रॉड लालच होत नसेल आणि वरचा एकटाच राबत असेल, तर वर कवच आणि मधे कच्चा केक हे कोडं सुटलं. आधी निवडीचा खटका दोन्ही रॉडवर आहे ना ते पाहा. बरेचदा तो टोस्टसाठी नुसत्या वरच्या रॉडवर राहिलेला असतो.

पंखा चालू ठेवून भाजत असाल तर रेसिपीतलं तापमान २० अंशांनी कमी करा. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हमध्ये केक नुसत्या कन्व्हेक्शनवरच भाजा. जाळी अशी लावा की टिनचा मध्य ओव्हनच्या मध्यावर येईल. जाळी मध्यावर नको.

विजेचा दाबही बघा. दाब दहा टक्क्यांनी घसरला की रॉडची उष्णता जवळजवळ एकोणीस टक्क्यांनी घटते. डिसेंबरच्या संध्याकाळी सगळ्यांचे हीटर लागतात तेव्हा तापायला जास्त वेळ द्या, किंवा केक दुपारी भाजा. ओव्हन एक्स्टेन्शन बोर्डवर लावू नका. तिथे वायर आणि प्लग गरम होतात.

इथे थांबा आणि मेकॅनिकला बोलवा

यापुढचं काम घरी करायचं नाही:

- ओव्हनच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, किंवा तो लावला की घरातला ब्रेकर पडतो. लगेच मेन स्विच बंद करा आणि मगच प्लग काढा. पुन्हा लावून बघायचं नाही.
- प्लास्टिक किंवा वायर जळल्याचा वास येतो, प्लग काळा पडलाय.
- रॉडला फोड आलाय, तडा गेलाय किंवा तो अर्धाच लाल होतो.
- लावलेलं तापमान गाठल्यावरही रॉड बंद होत नाही, तापमान वाढतच जातं. थर्मोस्टॅट अडकला आहे. असा ओव्हन एकटा सोडणं धोक्याचं.
- नोंदींतला फरक दरवेळी वेगळा येतो. तुम्ही डायल कितीही फिरवा, हे जुळणार नाही.
- दाराच्या काचेला तडा, किंवा दार घट्ट लागत नाही. ज्या ओव्हनला रबरी पट्टी असते तिथे कागदाची चिठ्ठी दारात पकडून ओढून बघा. अलगद सुटली तर पट्टी गेली.
- गॅसच्या ओव्हनमध्ये वास येतो किंवा ज्योत निळ्याऐवजी पिवळी आहे. झडप बंद करा, खिडक्या उघडा, विजेचं कुठलंही बटण दाबू नका.

मागचं झाकण उघडू नका. आत भिंतीला लागून जी बारीक धातूची नळी दिसते ती थर्मोस्टॅटची आहे. घासताना वाकली किंवा चिमट्यातून सुटली तरी तापमान चुकतं, आणि सरळ करायला गेलात तर ती तुटेल. ती सुटलेली दिसली तर मेकॅनिकला तेवढंच दाखवा.

‘केक होत नाही’ एवढ्या तक्रारीवर मेकॅनिक ओव्हन लावून बघेल, गरम होतोय म्हणेल आणि जाईल. त्याच्या हातात नोंदींचा कागद द्या: डायलवर किती लावलं, किती मिनिटांनी आत किती होतं, पावाचे काप कुठल्या बाजूला काळे पडले. थर्मोस्टॅट बदलल्यावर तो असतानाच ओव्हन १५० वर लावून थर्मामीटर दाखवा. तो गेल्यावर १७५ आणि १९० ची साखर पुन्हा ठेवून बघा, आणि त्यानंतरच मेव्याची बरणी उघडा.